धूर, मीठ आणि जलपर्णी

1910 साली मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने एक पुस्तिका छापली. विषय होता नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींचा. लेखक होते पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे. तेव्हा बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात औद्योगिक वसाहत नव्हती, साखरेची धुराडी नव्हती, डिस्टिलरी नव्हती. नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटून जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. तेवढ्यात चांगल्या काळ्या रानावर पांढरा थर चढू लागला होता आणि सरकारला त्यावर पुस्तिका काढावी लागली होती.

या दोन तालुक्यांतल्या प्रदूषणाची गोष्ट अशी मिठापासून सुरू होते. पुढे तिच्यात धूर आला, काळं पाणी आलं, जलपर्णी आली. पण मीठ काय किंवा धूर काय, यातलं फारच थोडं बाहेरच्या एखाद्या विषारी कारखान्याने आणून टाकलेलं आहे. बहुतेक सगळं इथल्याच भरभराटीतून उरलेलं, जागा चुकलेलं आहे. मुळाशी जायला हवं ते पाणी वर आलं, मातीत कुजायला हवं ते पाचट जळालं, शेताला खत व्हायला हवं ते तळ्यात उतरलं. म्हणूनच त्यावरचे उपायही बांधावर, गोठ्यात आणि मोरीपाशी सापडतात. फक्त काळ्या पाण्याचा आणि पुण्याहून येणाऱ्या सांडपाण्याचा निकाल तिथे लागत नाही.

पाटाबरोबर वर आलेलं मीठ

बारामती आणि इंदापूर हे अवर्षणप्रवण तालुके. सह्याद्री पश्चिमेला ढग अडवून धरतो आणि या बाजूला वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो, तोही मनात आलं तर. 1876-77च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरेचं पाणी या भागात वळवण्याचं काम मार्गी लागलं. 1885 मध्ये डावा कालवा सुरू झाला, त्याला पाणी पुरावं म्हणून भाटघरला धरण झालं आणि 1928 मध्ये त्याच्या जागी नवं, मोठं धरण उभं राहिलं. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस डोलू लागला. 1930च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगरची साखर वसाहत वसवली. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर असे सहकारी कारखाने आले.

पाणी आलं, पण त्याचा निचरा कोणी विचारात घेतला नाही. काळी जमीन पाणी धरून ठेवते, पटकन सोडत नाही. पाटाचं पाणी पाळीमागून पाळी मोकाट सोडलं की ते खाली साचतं आणि भूजलाची पातळी वर येते. ती मुळांच्या जवळ आली की उन्हाचं काम सुरू होतं. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं, पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि सोबत आणलेले क्षार तिथेच ठेवून जातं. पहिली पायरी म्हणजे चिबड जमीन, दुसरी खारवट. सोडियमचं प्रमाण वाढलं की तिसरी पायरी येते ती चोपण जमिनीची. चोपण माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते. तिच्यात पाणी मुरत नाही, हवा शिरत नाही आणि पेरलेलं बी वर येत नाही. तिचा सामू साधारण साडेआठच्या पुढे गेलेला असतो.

इंग्रज सरकारला हा धोका दिसला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुणे भागात पाटबंधाऱ्यांचे अभियंता होते. त्यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ आणली. शेतांचे गट पाडायचे, त्यातल्या थोड्याच भागात ऊस घ्यायचा, बाकीच्यावर कमी पाण्याची पिकं घ्यायची आणि ऊस फिरता ठेवायचा, असा तिचा सारांश. पाणी जास्त लोकांना मिळावं आणि जमिनीलाही उसंत मिळावी, हे दोन्ही त्यात साधत होतं. आज खारवट जमीन सुधारायला जे सांगितलं जातं, ते याच वाटेवरचं आहे. आधी निचरा करायचा, उघडे चर काढून किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून. चोपण जमिनीला माती परीक्षणानुसार जिप्सम द्यायचं. धैंचा किंवा ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडायचा. आणि मुख्य म्हणजे पाण्याचा हात आखडता घ्यायचा.

त्या हाताचं गणित सोपं आहे. मोकाट पाण्यावरच्या उसाला एका हंगामात 2000 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं. म्हणजे एका हेक्टरवर दोन कोटी लिटर. वर्षाच्या पावसाच्या चौपट पाणी माणूस स्वतः रानात ओततो. ठिबकवर यातलं चाळीस टक्क्यांच्या आसपास वाचतं आणि खत थेंबाबरोबर मुळाशी जात असल्याने युरियाही वाहून जात नाही. राज्य मंत्रिमंडळाने 2017 मध्ये उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला. मात्र सक्तीपेक्षा शेजारच्या बांधावरचा अनुभव लवकर पटतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची स्थापना 1971 मधली, अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने झालेली. या ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्राने अलीकडे मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. मातीतली ओल मोजणारी यंत्रं आणि उपग्रहाची चित्रं यांवरून आज दारं धरायची की नाही, हे शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतं. पूर्वी पाळी आली की पाणी द्यायचं, लागो वा न लागो. आता रानाला तहान लागली आहे का, हे आधी विचारता येतं. ज्याच्याकडे अशी यंत्रणा नाही, त्याला वीतभर उकरून मातीचा गोळा वळतो का हे पाहणं कोणी अडवलेलं नाही.

पाचट पेटवलं की काय काय जळतं

दिवाळीनंतर गळीत हंगाम लागतो. ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्याला लागतात, आणि संध्याकाळी कुठे ना कुठे रानातून धुराचा पट्टा चढताना दिसतो. ऊस तुटून गेला, वाढे जनावरांना गेले, खाली राहिलं पाचट. त्याला काडी लावली की तासाभरात रान मोकळं होतं.

शेतकरी हे आळसाने करतो असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. खोडव्याला पाणी द्यायचं तर सरीत पडलेलं पाचट आडवं येतं. बुडखे छाटायचे, बगला फोडायच्या, खत द्यायचं, या प्रत्येक कामात ते औताला गुंडाळतं. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. पाचटात उंदीर, साप दडतात ही भीतीही खरी आहे. काडीपेटीएवढं स्वस्त अवजार दुसरं नाही.

पण हिशोब मांडला तर ते तितकं स्वस्त उरत नाही. एका हेक्टरमधून 8 ते 10 टन पाचट निघतं. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र आणि पाऊण ते एक टक्का पालाश असतं. म्हणजे हेक्टरी 40 ते 50 किलो नत्र आणि त्याच्या जवळपास दुप्पट पालाश शेतातच पडलेलं असतं, वर टनावारी सेंद्रिय कर्ब. आगीत नत्र आणि कर्ब हवेत जातात, पालाश राखेत उरतं आणि राख पुढच्या वाऱ्याला उडते. जमिनीच्या वरच्या थरातले जिवाणू होरपळतात. धुरातले सूक्ष्म कण माणसाच्या फुप्फुसात खोलवर उतरतात, आणि थंडीत हवा जमिनीलगत अडकलेली असताना ते गावावरच तरंगत राहतात. शेजारच्या फडात राबणारे ऊसतोड मजूर, त्यांच्या कोप्यांतली लहान मुलं आणि गावातले दमेकरी हे त्याचे पहिले गिऱ्हाईक. आग तुटायच्या उसापर्यंत गेली तर कारखाना जळीत ऊस म्हणून वजनात कपात करतो, तो तोटा निराळाच.

उपाय जुना आहे. पाचट एकाआड एक सरीत किंवा सगळ्याच सऱ्यांत पसरायचं, टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे आणि पाणी द्यायचं. खोडवा वाढतो तसं पाचट कुजत जातं. मधल्या काळात तेच आच्छादन ओल टिकवतं आणि तण दाबतं, त्यामुळे पाण्याच्या पाळ्याही कमी लागतात. अडचण होती ती पाचट असताना मशागत कशी करायची याची. तिच्यावर उत्तर शोधलं गेलं ते बारामतीतच.

माळेगाव खुर्दच्या मुरमाड माळावर 2009 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली. दुष्काळ, उष्णता, क्षार अशा निर्जीव कारणांनी पिकांवर येणाऱ्या ताणांचा तिथे अभ्यास होतो. उभारणीसाठी जागाही अशी निवडलेली की संशोधनाचा विषय पायाखालीच असावा. या संस्थेने खोडव्यासाठी ‘सॉर्फ’ नावाचं ट्रॅक्टरचलित यंत्र तयार केलं. पाचट न जाळता ते एकाच फेरीत बुडखे छाटतं, बगला फोडतं, जुनी मुळं कापतं आणि खत मातीआड पेरतं. खत मातीआड गेल्याने वाया जाणारा युरियाही कमी होतो. असं यंत्र एकट्या शेतकऱ्याने घेणं अवघडच. पण सोसायटीने, शेतकरी गटाने किंवा कारखान्याच्या शेती विभागाने ते भाड्याने फिरवलं, तर काडीपेटीशी बरोबरी करू शकेल असं अवजार गावात येतं.

काळं पाणी

उसात 70 टक्के पाणीच असतं. त्यामुळे साखर कारखाना नीट चालवला तर त्याला बाहेरून फार पाणी लागत नाही. नियमाने एक टन उसामागे 200 लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर पडता कामा नये. खरी कसोटी लागते ती मळीपासून अल्कोहोल काढताना. एक लिटर अल्कोहोलमागे 8 ते 15 लिटर गडद तपकिरी, आंबट वासाचं पाणी उरतं. इंग्रजीतून आलेला त्याचा ‘स्पेंट वॉश’ हा शब्द आता गावोगावी रुळला आहे. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाईल, हे ज्या मापाने मोजतात ते ‘बीओडी’. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे 200 ते 300 मिलिग्रॅम असतो, तर स्पेंट वॉशचा 40 हजारांच्या पुढे. म्हणजे त्याची एक बादली नदीत पडणं हे दीडशे-दोनशे बादल्या गटाराचं पाणी पडण्यासारखं आहे. नदीतले जिवाणू ते पचवायला धावतात, सगळा प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे पहाटेच्या वेळी, प्राणवायू सर्वांत कमी असताना, पोट वर करून तरंगू लागतात. विषाशिवाय झालेली ही विषबाधाच.

म्हणून डिस्टिलरीतून एक थेंबही बाहेर पडता कामा नये, असा आता नियम आहे. स्पेंट वॉशपासून आधी बायोगॅस काढायचा, उरलेलं आटवून बॉयलरमध्ये जाळायचं किंवा साखरेच्या गाळात मिसळून कंपोस्ट करायचं. त्यात पालाश भरपूर असतं, त्यामुळे योग्य प्रक्रियेनंतर ते शेताचंच अन्न आहे. प्रक्रियेला मात्र पैसा लागतो, देखरेख लागते. दोन्ही टाळायचं असेल तर रात्रीचा ओढा लागतो.

इथे लोकांच्या हाती काय आहे? महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा कायदा 1969 मध्येच केला, देशाचा कायदा होण्याच्या पाच वर्षं आधी. 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही स्थापन झालं. त्या मंडळाकडे तक्रार करता येते, पण ‘नदी घाण झाली’ एवढ्या तक्रारीने काम भागत नाही. तारीख, वेळ, ओढ्याचं नाव, कोणत्या पुलाच्या वर पाणी स्वच्छ होतं आणि कोणत्या पुलाखाली काळं झालं, हे छायाचित्रांसह लिहून दिलं तर अधिकाऱ्याला नमुना कुठून घ्यायचा ते कळतं. दुसरी संधी असते जनसुनावणीची. 2006च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठा प्रकल्प येताना किंवा वाढताना ती घ्यावी लागते, तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर करावी लागते आणि तिथे मांडलेल्या हरकती नोंदवाव्या लागतात. अनेक सभासदांना कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाचा दर विचारायची सवय असते. सहकारी कारखान्याचा सभासद हा त्याचा मालकही असतो, तेव्हा त्याच सभेत सांडपाण्याचा हिशोब विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

पुण्याची मोरी, इंदापूरचं तळं

इंदापूरच्या उत्तरेला भीमा आहे, म्हणजे आता उजनीचा फुगवटा. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात 117 टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा म्हणून तळाशी राहतं. यशवंतसागर हे त्या जलाशयाचं नाव. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळच्या पाणथळीवर रोहित पक्षी आणि पट्टकादंब उतरतात. भादलवाडीच्या तलावावर आणि खुद्द इंदापूर गावातल्या चिंचेच्या झाडांवर चित्रबलाकांची वीण होते. भिगवणचा मासळीबाजार याच पाण्यावर चालतो.

या पाण्यात वरून काय येतं? पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा पुण्यात एक होतात आणि पुढे भीमेत जातात. इंद्रायणी तुळापूरला भीमेला भेटते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांचं सांडपाणी, प्रक्रिया झालेलं आणि न झालेलं, शेवटी उजनीत विसावतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022च्या अहवालात देशभरात नद्यांचे 311 प्रदूषित पट्टे नोंदवले आहेत. त्यात सर्वाधिक 55 महाराष्ट्रातले.

सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे झाडाला खत, तसंच पाण्यातल्या शेवाळालाही खत. उन्हाळ्यात पाणी कमी आणि खत जास्त झालं की ते हिरवंगार होतं. वर जलपर्णी पसरते. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आणली गेली. अनुकूल पाण्यात तिचा पसारा दोनेक आठवड्यांत दुप्पट होतो. तिच्याखाली उजेड पोहोचत नाही, होड्या अडतात, जाळी गुंततात. प्राणवायू कमी पडला तरी तग धरणारी, मूळची आफ्रिकेतली चिलापी अशा पाण्यात फोफावते. नाजूक जातीचे मासे मागे पडतात.

जलपर्णी काढून काठावर टाकली की काम झालं असं वाटतं. पण काठावर कुजलेलं खत पुढच्या पावसात परत पाण्यात जातं. ती फुलायच्या आधी काढायची, पाण्यापासून दूर नेऊन कंपोस्ट करायची, हे त्यातलं पथ्य. मूळ उपाय वरच्या शहरांत आहे. मुळा-मुठा शुद्धीकरणासाठी 2016 मध्ये जपानच्या मदतीने 990 कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, त्यात 11 सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत. ती पूर्ण क्षमतेने चालली तर त्याचा फायदा पुणेकरांइतकाच भिगवणच्या कोळ्याला आहे.

पण सगळा दोष पुण्यावर ढकलूनही चालत नाही. बारामती शहर वसलंय ते कऱ्हेकाठी. याच काठी मोरोपंतांनी आपल्या आर्या रचल्या आणि याच नदीचं नाव आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला दिलं. कऱ्हा ही पावसाळी नदी. बाराही महिने वाहणाऱ्या नदीत थोडी घाण विरून जाते, कऱ्हेसारखीत ती जिथल्या तिथे राहते. शहराचं आणि वरच्या गावांचं मोरीचं पाणी नदीत न जाऊ देणं, एवढंच तिच्यासाठी करता येतं. त्याला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने वाट दाखवली आहे. 4 फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडांचा भराव, आणि घरातल्या न्हाणी-मोरीचं पाणी त्यात. गटार नाही, डबकं नाही, त्यामुळे डासही नाहीत. ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून हा शोषखड्डा राज्यभर गेला. चिबड जमिनीत मात्र तो चालत नाही, कारण तिथे जमिनीनेच आधी पोटभर पाणी प्यायलेलं असतं. अशा ठिकाणी ते पाणी केळी-कर्दळीच्या परसबागेतून फिरवणं बरं.

सराटीचा घाट

आषाढात तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढे सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम होतात आणि सराटीला पादुकांना नीरास्नान घातलं जातं. वाटेवरचा बहुतेक मुलूख उसाचा. कालवा, खारवट पट्टे, पाचटाची रानं, कारखान्यांची धुराडी, हे सगळं वारकऱ्यांच्या डाव्या-उजव्या हाताला असतं. तेव्हा गळीत हंगाम संपलेला असतो आणि वर पाऊस झाला असेल तर नदीलाही थोडं पाणी आलेलं असतं.

सराटीच्या खाली नीरा-नरसिंगपूरला नीरा भीमेला मिळते. कऱ्हेचं पाणी त्याआधीच सोनगावजवळ नीरेत आलेलं असतं आणि भीमेचं उजनीतून सुटलेलं असतं. बारामती आणि इंदापूरने जे काही नदीत सोडलं, ते इथे एकत्र होतं आणि पुढे पंढरपूरला पोहोचतं. तिथे त्याच नदीला चंद्रभागा म्हणतात आणि आषाढी एकादशीला लाखो माणसं तिच्यात उतरतात.